सर्टिफिकेट आधी की सर्व्हर आधी?

नवा_रूट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सध्या हेल्पडेस्कवर आहे. पासवर्ड रिसेट, प्रिंटर, 'व्हीपीएन लागत नाही', 'मेल उघडत नाही', दिवस ह्यातच जातो. सर्व्हरशी संबंध आला की तिकीट पुढच्या टीमकडे ढकलायचं आणि विसरायचं. मला त्या पुढच्या टीममध्ये जायचंय. शिक्षण संगणकाचं नाही, त्यामुळे डिग्री दाखवून तिथे शिरता येईल असं वाटत नाही.

जाहिराती चाळल्या तर कुठे ए प्लस (संगणक दुरुस्ती-सपोर्टचं), कुठे नेटवर्क प्लस, कुठे लिनक्सचं एलपीआयसी-१, कुठे रेड हॅट ह्या लिनक्स कंपनीचं आरएचसीएसए, कुठे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं एझेड-१०४, अशी सर्टिफिकेटं 'असल्यास प्राधान्य'. ऑफिसात विचारलं तर दोन तट. एक सीनियर म्हणतो, सगळा कागदी कारभार आहे, त्यापेक्षा घरी लिनक्स टाक आणि मोडतोड कर. दुसरा म्हणतो, सर्टिफिकेट नसेल तर तुझा रेझ्युमे कोणी उघडणारसुद्धा नाही. दोघांकडेही स्वतःची सर्टिफिकेटं आहेत, हे विशेष.

तर अगदी सुरुवातीच्या पातळीच्या ह्या परीक्षा देण्यात अर्थ आहे का? असेल तर कुठली? फी माझ्याच खिशातून जाणार आहे, हे लक्षात ठेवून सांगा.


टर्मिनलवासी

एका शब्दात: नको.

जो जुना लॅपटॉप पडलेला असेल त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाका, नाहीतर सरळ प्रॉक्समॉक्स. दोन-तीन व्हीएम, म्हणजे एकाच मशीनच्या पोटात चालणारी आभासी मशीनं, उभ्या करा. एकीवर डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा), एकीवर वेब सर्व्हर, एकीवर डेटाबेस. मग एकेक पाडा आणि उचला. फीचे पैसे रॅममध्ये घाला.

आमच्याकडे मुलाखतीला सर्टिफिकेटांची माळ घालून येतात लोक, आणि 'मशीनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय, काय झालं असेल?' विचारलं की छताकडे बघतात. नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता आला नाही म्हणून मशीनने आपला आपणच घेतला, एवढंच ऐकायचं असतं हो.


खवचट_पण_खरं

>>फीचे पैसे रॅममध्ये घाला<<

+१. रॅमची मुदत सर्टिफिकेटसारखी तीन वर्षांनी संपत नाही.


जुनं_खोड

टर्मिनलवासींचा राग कळतो, पण तो कुठून येतो तेही सांगायला हवं. नवीन लोकांना माहीत नसतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी विंडोज एनटी ४.० चा जमाना होता. मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई सर्टिफिकेट मिळवायला सहा परीक्षा, दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं. नेटवर्क सांभाळायला माणसं मिळत नव्हती, त्यामुळे ज्याच्या नावापुढे ती चार अक्षरं त्याला नोकरी. मग जे व्हायचं तेच झालं. परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नांचे गठ्ठे फिरू लागले, लोकांनी ते घोकले, आणि आयुष्यात डोमेन कंट्रोलर (कंपनीभरची लॉगिनं तपासणारा सर्व्हर) न पाहिलेले 'इंजिनिअर' कामावर रुजू झाले. 'पेपर एमसीएसई' ही शिवी तेव्हाची. त्यांनी करून ठेवलेलं निस्तरायला ज्यांना रात्री जागाव्या लागल्या, ते आज मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत आहेत. त्यांच्या मनातली अढी इतक्यात जायची नाही.

पुढे मायक्रोसॉफ्टने एमसीएसई आणि तिची धाकटी बहीण एमसीएसए, दोन्ही ३१ जानेवारी २०२१ ला बंदच केल्या. ज्यांनी रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत ती अक्षरं मिरवली होती त्यांची पंचाईत झाली.

अवांतर: कॉम्पटिया ह्या संस्थेचं ए प्लस २०११ च्या आधी घेतलं असेल तर ते आजन्म चालतं. माझं तसलंच आहे. फ्लॉपी ड्राइव्हच्या केबलला पीळ कुठे असतो हे मला विचारलं होतं. कागदोपत्री मी आजही तज्ज्ञ.


चाळणी

मी माणसं निवडते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. मोठा प्रतिसाद होईल.

पहिली गोष्ट. रेझ्युमे माझ्याकडे येण्याआधी एका अशा माणसाच्या हातून जातो ज्याला डीएनएस म्हणजे काय हे माहीत नसतं, आणि ते त्याचं कामही नाही. त्याच्याकडे एक यादी असते. त्यातले शब्द रेझ्युमेत सापडले तर पुढे, नाहीतर बाजूला. 'घरी प्रॉक्समॉक्सवर तीन व्हीएम चालवतो' हे वाक्य वाचून माझे कान टवकारतात, पण त्या पहिल्या टेबलावर त्याची किंमत शून्य. 'आरएचसीएसए' हा शब्द मात्र यादीत असतो. अन्याय आहे का? आहे. ज्याच्याकडे संगणकाची डिग्री नाही आणि सर्व्हरचा अनुभवही नाही, त्याला हा अन्याय सगळ्यात जास्त लागतो. टर्मिनलवासींना तो आता लागत नाही, कारण त्यांच्या रेझ्युमेत आधीच्या नोकऱ्यांची नावं आहेत.

काही ठिकाणी तर हा चाळणीचाही प्रश्न नसतो, सरळ नियम असतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ साली नियमावली काढली की यंत्रणा सांभाळणाऱ्याकडे ठरावीक यादीतलं सर्टिफिकेट हवंच. कॉम्पटियाचंच सिक्युरिटी प्लस इतकं पसरलं त्यात ह्या नियमाचा वाटा मोठा आहे. अशा जागी 'मला काम येतं' म्हणून भागत नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी. 'सर्टिफिकेशन' ह्या एका नावाखाली आपण अगदी वेगवेगळ्या वस्तू एका पोत्यात भरतोय. परीक्षेत तुमच्याकडून काय करवून घेतात ते आधी बघा.

ए प्लस घ्या. दोन पेपर, प्रत्येकी जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं. काही प्रश्न पडद्यावर काहीतरी जुळवायला लावणारे असतात, पण भर पर्याय निवडण्यावर. एलपीआयसी-१ चेही दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं. तिथे काही ठिकाणी कमांड किंवा फाइलचं नाव स्वतः टंकावं लागतं, तरी समोर चालू मशीन नसतं.

आता आरएचसीएसए. तुम्हाला मशीन देतात आणि कामांची यादी देतात. इंटरनेट नाही. मॅन पेजेस (मशीनमधलीच कमांडची माहितीपानं) आहेत, ती वाचता आली पाहिजेत. रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड माहीत नसलेल्या मशीनमध्ये बूट थांबवून आत शिरणं हे अभ्यासक्रमातच लिहिलेलं आहे. एलव्हीएमवर (डिस्कचे हवे तसे भाग पाडणारी सोय) नवीन व्हॉल्यूम काढा, ते मशीन पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप माउंट झालं पाहिजे. एसईलिनक्स (लिनक्सचा जादा सुरक्षा-पहारा) चालू ठेवून सेवा चालवा. ३०० पैकी २१० गुण लागतात. सगळ्यात क्रूर अट म्हणजे केलेलं काम रीबूटनंतर टिकलं पाहिजे. बूटच्या वेळी काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एक अक्षर चुकलं आणि मशीन वर आलंच नाही, तर बाकीची कामं कितीही सुबक केलेली असोत, तपासणार कशावर?

लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएस ह्याच जातीची, दोन तास चालत्या मशीनवर. असा पेपर घोकून काढणं अवघड. म्हणून माझ्यासमोर आरएचसीएसएवाला बसला की मी प्राथमिक प्रश्न सोडून देते आणि पुढचं विचारते. पर्यायवाल्या परीक्षेचं सर्टिफिकेट असेल तर पहिल्यापासून सुरुवात करते. माझ्या लेखी दोघांतला फरक एवढाच, पण उमेदवाराच्या दृष्टीने तो बराच असावा.


टर्मिनलवासी

चाळणीताई, पहिल्या टेबलाचा मुद्दा मान्य. दुसरा अर्धाच.

आरएचसीएसएसुद्धा लोक रट्टा मारून देतात. अमुक प्रकारचं काम आलं की तमुक सहा कमांड, डोळे मिटून. परीक्षेत निदान काय करायचं ते लिहून दिलेलं असतं. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, कोण लिहून देतं? तिथे फक्त 'साइट स्लो आहे' एवढंच कळतं, तेही चुकीच्या माणसाकडून.

कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण आठवा. रात्री थकलेल्या माणसाने दुय्यम सर्व्हरवर चालवायची आरएम -आरएफ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) मुख्य डेटाबेसवर चालवली. सुमारे ३०० जीबी डेटापैकी साडेचार उरला. मग बॅकअप बघायला गेले तर क्लाउडमधली ती साठवायची बकेट रिकामी. बॅकअपची कमांड डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीची होती, ती रोज फसत होती. फसल्याचे मेल निघत होते, पण पलीकडचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची नक्कल) सापडला म्हणून वाचले. हे सगळं त्यांनीच जाहीरपणे लिहून ठेवलंय, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे.

आता सांगा, कुठल्या सुरुवातीच्या सर्टिफिकेशनमध्ये हे शिकवतात?


वाट_बदललेली

कुठल्याच नाही. पण घरच्या लॅबमध्ये तरी कोण शिकतं हो? घरच्या लॅबमध्ये बॅकअप घेतच नाही कोणी!

मी दुसऱ्याच क्षेत्रातून इथे आले. 'लिनक्स टाक आणि मोडतोड कर' हा सल्ला मलाही मिळाला होता. टाकलं. मग पुढे काय? वेब सर्व्हर चालू केला, पान दिसलं, आनंद झाला, थांबले. काय येत नाही हेच ज्याला माहीत नाही त्याने मोडायचं तरी काय? अनुभवी माणसाला 'मोडतोड कर' म्हणणं सोपं, कारण काय-काय मोडू शकतं ह्याची यादी त्याच्या डोक्यात तयार असते.

ती यादी मला एलपीआयसी-१ च्या अभ्यासक्रमात मिळाली. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट (एलपीआय) आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक मुद्दा त्याच्या भारांकासकट फुकट मांडते. कुठल्या मुद्द्यावर किती प्रश्न येणार ते त्यावरून कळतं. डेबियनचं पॅकेज व्यवस्थापनही (सॉफ्टवेअर टाकणं-काढणं) त्यात आहे आणि रेड हॅटकडच्या आरपीएमचंही, म्हणजे एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायची गरज नाही. व्हीआय एडिटर आहे, ज्याला मी घाबरून नॅनो ह्या सोप्या एडिटरमध्ये लपत होते. वेळेचं सिंक्रोनायझेशन आहे, लॉग आहेत, मेल सर्व्हरची तोंडओळख आहे. मी एकेक ओळ घेतली आणि ती मशीनवर केल्याशिवाय पुढे गेले नाही.

परीक्षा नंतर दिली, पास झाले, नोकरी लागली. सर्टिफिकेटमुळे लागली का माहीत नाही, मुलाखतीत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पण त्या यादीशिवाय मी मुलाखतीत बोलूच शकले नसते एवढं नक्की.


खवचट_पण_खरं

म्हणजे यादी फुकट, शिकलात तुम्ही, आणि पैसे घेतले त्यांनी. धंदा म्हणावा तर असा.


डोमेन_कंट्रोलर

धागा वाचून असं वाटतंय की जगात फक्त लिनक्सच आहे. धागाकर्ते हेल्पडेस्कवर पासवर्ड रिसेट करतात, म्हणजे बहुधा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतच, मायक्रोसॉफ्टच्या त्या वापरकर्त्यांच्या नोंदवहीत, करत असणार. मग त्यांच्या सगळ्यात जवळची वाट विंडोज सर्व्हरची आहे, हे कोणी बोलतच नाही.

विंडोजवाल्यांची अडचण वेगळी आहे. एमसीएसए गेल्यापासून नवशिक्याला साजेशी, निव्वळ सर्व्हरची अशी परीक्षा उरली नाही. एझेड-९०० आहे, ती क्लाउडची बाराखडी. मुदत नाही, एकदा काढली की झालं, पण तिच्या जिवावर कोणी अ‍ॅडमिन म्हणून घेत नाही. एझेड-१०४ म्हणजे अझूर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, ती जड आहे आणि मान्यताही आहे. ज्यांना जमिनीवरचे सर्व्हर आणि क्लाउड दोन्ही सांभाळायचेत त्यांच्यासाठी एझेड-८०० आणि ८०१ अशी जोडी. असोसिएट पातळीवरचं सर्टिफिकेट वर्षभरच टिकतं, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट आहे, घरी बसून. आणि २०२३ पासून ह्या पातळीच्या परीक्षेत मायक्रोसॉफ्ट लर्नची पानं उघडून बघायला परवानगी आहे. घड्याळ चालूच राहतं, त्यामुळे ज्याला कुठे शोधायचं तेच माहीत नाही त्याचा काही फायदा नाही. मला विचाराल तर हे जास्त प्रामाणिक आहे, आपण कामावर तरी दुसरं काय करतो?

लॅबचं म्हणाल तर विंडोज सर्व्हरची मूल्यमापन आवृत्ती १८० दिवस फुकट मिळते. एक डोमेन कंट्रोलर, एक क्लायंट. क्लायंट डोमेनला जोडा. आता क्लायंटच्या डीएनएसमध्ये डोमेन कंट्रोलरऐवजी बाहेरचा कुठला तरी पत्ता टाका आणि काय-काय बंद पडतं ते टिपून ठेवा. ते झालं की डीएनएस पूर्ववत करा आणि घड्याळ दहा मिनिटं पुढे न्या. लॉगिन तपासणारा केर्बेरॉस मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. हेल्पडेस्कवर ज्या तिकिटांना तुम्ही 'रीस्टार्ट करून बघा' म्हणता, त्यातली निम्मी ह्या दोन प्रकारांत सापडतील.


नवा_रूट

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. @डोमेन_कंट्रोलर, हो, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच. घड्याळाची गंमत आजच करून बघतो.

ए प्लसबद्दल कोणी स्पष्ट बोललं नाही. ते करू की सोडू?


टर्मिनलवासी

सोडा. हेल्पडेस्कवर बसायला जे लागतं ते तुम्ही आधीच करताय.


जुनं_खोड

तुमच्यासाठी सोडा, हे बरोबर. पण उगाच नाकं मुरडू नका त्याच्याकडे बघून. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं ते सदोष अपडेट आलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली. मशीन बूटच होत नाही म्हटल्यावर तुमचं ऑटोमेशन, तुमची रिमोट हत्यारं सगळी बाहेर उभी. बऱ्याच मशीनांजवळ माणसाने जायचं, सेफ मोडमध्ये न्यायचं, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली एक फाइल पुसायची, आणि बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की टंकायची. ज्यांनी त्या कीज ठेवलेला सर्व्हरही त्याच घोळात अडकवून ठेवला होता त्यांचे हाल विचारू नका. त्या दिवशी सेफ मोडमध्ये कसं जायचं हे न अडखळता सांगणारा पोरगा हीच कंपनीची संपत्ती होती. ए प्लसचाच विषय आहे तो.

ज्याने आजवर तिकीट हाताळलेलंच नाही, पहिलीच नोकरी शोधतोय, त्याने जरूर करावं.


कॉपी_पेस्ट

आरएचसीएसएचे डम्प (फुटलेले प्रश्न) कोणाकडे आहेत का? व्यनि करा.


चाळणी

नाहीत, आणि असते तरी दिले नसते. परीक्षेआधी गोपनीयतेच्या करारावर तुम्ही होकार देता. डम्प वापरल्याचं उघड झालं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं आणि पुढच्या परीक्षांची दारंही बंद होऊ शकतात. ते सगळं सोडा. माझ्यासमोर बसल्यावर पाच मिनिटांत कळतं हो.


खवचट_पण_खरं

पाच फार झाली.


वाट_बदललेली

मुदतीचा विषय निघालाच आहे तर एकदा सगळंच सांगून टाकते, कारण फी भरण्याआधी हे कोणी सांगत नाही. ए प्लस, नेटवर्क प्लस, आरएचसीएसए, सिस्कोचं सीसीएनए ही तीन वर्षांची. एलपीआयसी-१ पाच वर्षांचं. एलएफसीएस आधी तीन होतं, २०२४ पासून दोनवर आणलंय. एलपीआयचंच लिनक्स एसेन्शियल्स म्हणून एक पेपर आहे, ४० प्रश्न, त्याला मुदत नाही, पण ते अगदीच तोंडओळखीचं.

तेव्हा 'आधी काढून ठेवू, कधीतरी उपयोगी पडेल' हा हिशेब फसतो. नोकरी शोधायला खरोखर निघणार असाल त्याच्या थोडं आधी परीक्षा द्या. अभ्यास मात्र आजपासून.


डोमेन_कंट्रोलर

आणि फी खिशातूनच भरायची असं का धरून चाललाय? ज्या कंपन्या मायक्रोसॉफ्टच्या, रेड हॅटच्या किंवा सिस्कोच्या पार्टनर असतात त्यांना त्या त्या पातळीवर राहायला ठरावीक सर्टिफिकेटधारक माणसं दाखवावी लागतात. त्यांना तुमच्या सर्टिफिकेटची तुमच्यापेक्षा जास्त गरज असते. तुमची कंपनी तशी आहे का, मॅनेजरला सहज विचारा. फक्त 'अमुक काळ नोकरी सोडली तर फी परत' अशी अट कुठे बारीक अक्षरात आहे का ते वाचून सही करा.


नवा_रूट

हे डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो.

@चाळणी, तुम्ही 'पुढचं विचारते' असं म्हणालात. म्हणजे नेमकं काय विचारता? पेपर फोडा असं म्हणत नाहीये :)


चाळणी

फोडते, काही बिघडत नाही. उत्तर पाठ करून उपयोग नसलेलेच प्रश्न असतात.

एक नेहमीचा. सर्व्हरवर फाइल लिहिताना 'जागा नाही' असं येतंय. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) बघितलं तर डिस्क साठ टक्केच भरलेली. आता? इथे काही जण थेट डिस्क वाढवायला निघतात. काही जण थांबतात आणि विचारतात, आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का? डीएफला -आय लावून बघितलं तर शंभर टक्के, कारण कुठल्या तरी अ‍ॅपने लाखो इवल्याशा सेशन फाइली करून ठेवल्यात. मग मी प्रश्न उलटा करते. डीएफ म्हणतं डिस्क भरली, पण डीयूने सगळे फोल्डर मोजले तर बेरीज निम्मीच भरते. बाकीची जागा गेली कुठे? कोणीतरी भलीमोठी लॉग फाइल आरएमने उडवलेली असते, पण जी सेवा तिच्यात लिहीत होती तिने ती अजून धरून ठेवलेली असते. नाव गेलं, जागा नाही सुटली. एलएसओएफने (कोणी कुठली फाइल धरलीय ते दाखवणारी कमांड) शोधायची, सेवा रीस्टार्ट करायची. आणि पुढच्या वेळी लॉग उडवायचा नाही, रिकामा करायचा.

मला एलएसओएफचे पर्याय पाठ असलेला माणूस नको असतो. 'दोन आकडे जुळत नाहीत म्हणजे दोघं वेगळी गोष्ट मोजतायत' हे ज्याला सुचतं तो हवा असतो.

एसईलिनक्सचा एक. वेब सर्व्हरवर नवीन पान ठेवलं, ब्राउझरमध्ये 'परवानगी नाही'. एलएस -एल मध्ये परवानग्या शेजारच्या चालणाऱ्या फाइलसारख्याच. मालकही तोच. बहुतेक जण इथे एसईलिनक्स बंद करून मोकळे होतात. ज्याने लॅबमध्ये हे भोगलंय तो विचारतो, फाइल तिथे सीपीने आणली की एमव्हीने? एमव्हीने हलवली तर होम डिरेक्टरीतलं एसईलिनक्सचं लेबल तिच्याबरोबर येतं. सीपीने नक्कल केली तर नवीन जागेचं लागतं. एलएसला -झेड लावलं की लेबल दिसतं, रिस्टोअरकॉन चालवलं की सुटतं. दोन मिनिटांचं काम, पण ज्याला माहीत नाही त्याची दुपार जाते.

हे दोन्ही घरी घडवून आणता येतात, तेव्हा आणा. रेझ्युमेत सर्टिफिकेटच्या खाली 'घरच्या लॅबमध्ये काय बिघडवलं आणि कसं दुरुस्त केलं' अशा दोन ओळी असतील तर मी मुलाखत तिथूनच सुरू करते. सर्टिफिकेट पहिलं टेबल ओलांडायला, ह्या दोन ओळी माझ्या टेबलासाठी.


टर्मिनलवासी

>>नाव गेलं, जागा नाही सुटली<<

हे भारी.

ठीक आहे, माझं 'नको' थोडं मवाळ करतो. हाताने करून दाखवायची परीक्षा असेल आणि फी दुसरा भरत असेल तर द्या. स्वतःच्या पैशाने पर्याय निवडायच्या परीक्षा मात्र अजूनही नको. आणि घरच्या लॅबमध्ये बॅकअप घ्या, वाट_बदललेली बाईंनी मघाशी बरोबर कान पकडला. नुसता घेऊ नका, दुसऱ्या व्हीएमवर रिस्टोअर करून बघा.


मूक_वाचक

छान चर्चा. पण आता सगळं क्लाउडवर चाललंय, मशीनं कोडने उभी राहतात, एआय स्क्रिप्ट लिहून देतं. दोन-चार वर्षांत अ‍ॅडमिन उरणार आहे का? मग ह्या परीक्षा कशाला?


डोमेन_कंट्रोलर

क्लाउडमधल्या मशीनचंही डीएनएस बिघडतं, साहेब. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.


नवा_रूट

मॅनेजरशी बोललो. कंपनी पार्टनर आहे, पण मायक्रोसॉफ्टची. एझेड-१०४ ची फी ते भरतील, परत मागायची अट नाही, पास झालो तरच पैसे मिळतील एवढंच. ती देणार. ए प्लस सोडलं.

लिनक्सचं मात्र मनातून जात नाही. एलपीआयसी-१ ची यादी छापून घेतलीय, परीक्षा न देता नुसती करत जाणार. मन बसलं तर आरएचसीएसए, तेव्हा फीचं बघू. शेवटचा प्रश्न: लॅबसाठी कुठली डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) घेऊ? एका जुन्या कोर्समध्ये सेंटओएस म्हटलंय.


टर्मिनलवासी

सेंटओएस लिनक्स ८ चा कारभार २०२१ च्या शेवटी आटोपला, तो कोर्स किती जुना आहे ते त्यावरून ओळखा. अल्मालिनक्स किंवा रॉकी घ्या, कमांड त्याच. किंवा रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन काढा, एका व्यक्तीला १६ मशीनपर्यंत खरंखुरं आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) फुकट मिळतं. फक्त आरएचसीएसए सध्या कुठल्या आवृत्तीवर घेतात ते रेड हॅटच्या परीक्षेच्या पानावर बघून तीच आवृत्ती टाका. एका आवृत्तीतून दुसरीत जाताना अभ्यासक्रमातले मुद्दे वर-खाली होतात, उगाच जुन्यावर तयारी करून जाल.

आणि यादीची सुरुवात व्हीआयपासून करा. परीक्षेत असो वा रात्री अडीचला, दुसरा एडिटर त्या मशीनवर असेलच असं नाही.